दुखण्याचा आकडा

९ जानेवारी

फैजलच्या कुवेतच्या कंपनीची ही डायरी तीन वर्षं कपाटात पडून होती. वार जुळत नाहीत, तारखा जुळतात, तेवढं पुरे. तोंडाने बोलले तर घरात भांडण होईल म्हणून लिहिते आहे.

आज दुपारी आमच्या ह्यांनी आपल्या बहिणीला पेणहून रोह्याला आणलं. मला विचारलं नाही. गाडी अष्टमीच्या पुलावर आल्यावर फोन केला, "रिझवाना, पुढची खोली झाडून ठेव, बुबू येते." बुबू म्हणजे आमना, माझी मोठी नणंद. सगळं गोत तिला बुबू म्हणतं. सासूबाई गेल्यापासून अकरा वर्षं मला तिला काहीच म्हणावं लागलं नव्हतं. बरं चाललं होतं.

गर्भाशयाचा कॅन्सर कण्यात उतरलाय. मुंबईच्या हॉस्पिटलने आता घरीच सांभाळा म्हणून सांगितलं. तिचा मुलगा फैजल कुवेतला, सून त्याच्यासोबत. ह्यांची डोलवीच्या कारखान्यात शिफ्ट, आठवड्याचे पाच दिवस हे बुबूच्याच पेणच्या घरात राहतात. मग करायचं कुणी? हात रिकामे कुणाचे? माझे. वा रे न्याय.

गाडीतून तिच्याआधी तिचा डबा उतरला. बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. त्यात बाम, पिवळ्या तेलाच्या बाटल्या, नाकात ओढायच्या कांड्या, कंबरेवर मारायचे स्प्रे. आखातातून येणारा प्रत्येक जण असल्या वस्तू आणतो आणि घरातली मोठी बाई त्या वाटते, ही आमच्याकडची रीत. बुबूकडे डोकं धरून गेलेला माणूस कधी रिकाम्या हाताने परत येत नाही. सगळ्या जगाच्या दुखण्यावर तिच्याकडे औषध असतं. माझ्यावर तेवढं नव्हतं.

११ जानेवारी

पेणहून घरी येऊन बघणारी नर्स आली. संध्या. निडीजवळच्या वाडीतल्या भिकूची मुलगी. भिकू आमच्या शेतात भात कापायला यायचा, ओटीच्या खाली बसून जेवायचा. त्याची मुलगी आज मला स्वयंपाकघरात समोर बसवून शिकवत होती. मीही ऐकून घेतलं.

"काकी, मॉर्फिनची गोळी सकाळी आठला नि रात्री आठला. दुखो नायतर न दुखो, चुकवायची नाय. मधेच जोराची कळ उठली तरच हा नाकातला स्प्रे. नीट बसवायचं, एका नाकपुडीत एक फवारा. दहा मिनिटांनी कळ तशीच हाय, तर दुसऱ्या नाकपुडीत एक. मग चार तास काही नाय. आणि दिवसात चार वेळांच्या वर नाय."

फवाऱ्यानंतर घड्याळ लावून श्वास मोजायचे. मिनिटाला दहाच्या खाली आले, ओठ निळे पडले, हाक मारून उठली नाही, तर आधी १०८ला फोन आणि मग तिला. बाटली रिकामी झाली तरी फेकायची नाही, तिच्या हातात द्यायची. कुठल्याही झोपेच्या गोळ्या त्याच्यासोबत चालणार नाहीत.

"आणि हा कुलपात ठेवायचा. बुबूंच्या अंगाला मॉर्फिनची सवय झालेली हाय. ज्याला नाय, त्याचा एका फवाऱ्यात श्वास थांबेल. बुबूंना पण हे समजावून सांगा."

मी मान हलवली. तिला समजवायचं म्हणजे तिच्यासमोर बसून बोलायचं. किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे, तेवढं बास.

एक वहीही दिली. वेळ, फवारे, श्वास आणि दुखण्याचा आकडा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे सहन होण्याच्या पलीकडे. आकडा बुबूने सांगायचा, मी लिहायचा. ती लिहायला शिकली नाही आणि मी बालवाडीत चौदा वर्षं शिकवलं, म्हणून लेखणी माझ्याकडे. आयुष्यात पहिल्यांदा तिच्या शब्दाला माझ्या हातातून जावं लागणार.

१५ जानेवारी

आज तीन वेळा कळ आली. तिन्ही वेळा मी दारात उभी राहून विचारलं, "किती?"

"नऊ हाय गो, नऊ."

मी पाच लिहिलं. जेवण गेलं होतं, माझ्या मुलीशी, सहरशी, सकाळी हसत बोलली होती, नऊ कसे? नऊ काय असतं ते मला विचारावं. तिला सगळं मोठं करून सांगायची सवय पहिल्यापासून. नर्सला खरी परिस्थिती कळायला हवी, म्हणून मी माझ्या अंदाजाने लिहिते.

स्प्रे मात्र नियमाने दिला. श्वास मोजले: सोळा, पंधरा, सोळा. फवाऱ्यानंतर पाच-सात मिनिटांत तिचा चेहरा सैल पडतो आणि ती मला दुआ देते. मला नको तिची दुआ.

२० जानेवारी

आज लिहूनच टाकते.

अठ्ठावीस वर्षांपूर्वी ह्याच घरात, मागच्या खोलीत, मला दुपारी कळा सुरू झाल्या. हे तेव्हा मस्कतला होते, बुबू माहेरी आलेली. सासूबाई बुबूच्या ओंजळीने पाणी पीत. मी बुबूला म्हटलं, काहीतरी बिघडलंय, मला दवाखान्यात न्या. ती दारात उभी होती. म्हणाली, "पहिलटकरणीला असंच वाटतं. नाटकं करू नकोस." मी हातापाया पडले. तिने दार ओढून घेतलं आणि भांडी घासायला बसली. भांड्यांचा आवाज मला येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी नेलं. मुलगा होता. रडला नाही. डॉक्टर म्हणाले, चार-पाच तास आधी आणायला हवं होतं. त्याला नाव ठेवायचं राहिलं. बुबूने त्या दिवसापासून आजवर त्याबद्दल एक शब्द काढलेला नाही आणि मीही नाही. दोन वर्षांनी सहर झाली तेव्हा मी माहेरी गेले होते, सातव्या महिन्यातच.

आता तीच बाई मला सांगते, नऊ हाय गो. मी दारात उभी असते.

२५ जानेवारी

बुबूने चार तास व्हायच्या आधीच हाक मारली. मी घड्याळ दाखवलं. नियम माझा नाही, नर्सचा आहे. ती उशी चावत पडून राहिली. चार तास झाले तेव्हा माझ्या पुढ्यात वालाची टोपली होती. म्हटलं, एवढ्या शेंगा सोलते आणि उठते. उठले तेव्हा चाळीस मिनिटं वर गेली होती. वहीत लिहिलं, अंतर चार तास चाळीस मिनिटं. त्यात खोटं काही नाही. जास्त अंतर म्हणजे जास्त सुरक्षित, असं कुणीही म्हणेल.

तरी वाल शिजवले ते घशाखाली उतरले नाहीत. मीठ जास्त पडलं होतं.

२९ जानेवारी

संध्याने वही वाचली. पुन्हा पहिल्या पानापासून वाचली. म्हणाली, "पाच, पाच, चार, पाच. डॉक्टर ह्याच्यावरून म्हणतात, गोळीचा डोस बरोबर हाय, वाढवायला नको. पण काकी, बुबूंचा चेहरा ह्या आकड्यांशी जुळत नाय."

मी म्हटलं, "चेहरा तिचा तसाच आहे. मी तीस वर्षं बघते आहे."

ती सरळ बुबूकडे गेली. "बुबू, तुम्हीच सांगा, किती दुखतं?"

बुबूने माझ्याकडे बघितलं. मग भिंतीकडे तोंड फिरवून म्हणाली, "रिझवाना लिवते ते बरोबर हाय."

कसला टोमणा मारला! नर्ससमोर मला खजील करायचं, आणि ते असं साळसूदपणे. भिकूच्या मुलीने जाताना माझ्याकडे जसं पाहिलं तसं मला माझ्या घरात कुणी पाहिलेलं नाही.

२ फेब्रुवारी

आज मायलेकींचं भांडण झालं. सहर धाटावच्या कंपनीत लॅबमध्ये आहे, शिफ्टवरून आली की आधी फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, खोलीत. आईशी बोलायला दोन मिनिटं नाहीत. आज आत जाऊन आली आणि माझ्यावरच उखडली.

"अम्मी, फुफी रडतेय आणि तू इथे कोथिंबीर निवडतेस? किल्ली गळ्यात घालून मिरवतेस नुसती. तुला मजा येते ना?"

माझ्या पोटची मुलगी. कुणामुळे मला एकच मूल आहे ते तिला माहीत नाही, आणि त्याच बाईसाठी ती माझ्यावर आवाज चढवते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कपाट उघडलं, स्प्रेची बाटली घेतली आणि बुबूच्या उशाशी गेले. तिच्या त्या डब्यात, बाम आणि तेलाच्या बाटल्यांमध्ये ती आपटली.

"घ्या. तुमचा स्प्रे, तुमचा डबा. घड्याळ समोर आहे, चार तास तेवढे बघा. मी कुणाची चौकीदार नाही."

अकरा वर्षांत तिच्याशी बोललेलं हे सगळ्यात लांब वाक्य. कुलूप असतं ते लहान मुलांसाठी, ह्या घरात लहान मूल नाही. आज दिवसभर मला कुणी हाक मारली नाही. सुख.

६ फेब्रुवारी

रोह्याचा सरकारी दवाखाना. सहर जिवंत आहे. खाटेवर बसून पेज पिते आहे. मी बाकावर बसून लिहिते आहे, कारण लिहिलं नाही तर मी हे पुढे बदलून टाकीन. मला मी माहीत आहे.

काल सहर अकरा वाजताच घरी आली. तिला अर्धशिशी आहे, उजेड सहन होत नव्हता. ती फुफीच्या खोलीत गेली, तिथे पडदे ओढलेले असतात. मी स्वयंपाकघरात तांदळाच्या भाकऱ्या करत होते. सहा करायच्या होत्या, चार झाल्या होत्या.

बुबूची हाक आली. "रिझवाना! रिझवाना, ये गो! सहर बघ, सहर!"

मी मनात म्हटलं, झालं सुरू. आता स्प्रे हाताशी आहे, माझ्या नावाने ओरडायची हौस फिटत नाही म्हणून सहरचं नाव. नाटकं. मी पाचवी भाकरी थापली. ती ओरडत होती. मी भाकरी परतली, फुगू दिली, काढली. सहावी थापली. मग धप्पकन काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि हाक बंद झाली. तरी सहावी मी तव्यावरून काढली आणि मगच गेले.

बुबू जमिनीवर पडली होती. पाय चालत नाहीत तिचे, कोपरांवर सरकत ती खाटेच्या दुसऱ्या टोकाला गेली होती आणि सहरच्या गालावर थपडा मारत होती. सहर जमिनीवर खाटेला टेकून बसल्या बसल्या कलली होती. ओठ जांभळे. डबा उघडा, स्प्रेची बाटली बाहेर.

"डोकं दुखतं म्हणाली. मला पाच मिनिटांत उतरतं, म्हणून दोन्ही नाकात मारला. माझी पाळी होती गो, मी माझी पाळी तिला दिली."

तिची पाळी. चार तास संपले होते, तिची कळ उठलेली होती, आणि तिने तो फवारा पोरीला दिला. दुसऱ्या कुणाला तो मारक असतो हे तिला माहीत नव्हतं. मी सांगितलंच नव्हतं. संध्याने सांगून ठेवा म्हटलं होतं आणि मी मान हलवली होती.

श्वास मोजले. अर्ध्या मिनिटात दोन. १०८ला फोन केला, गाडी निघते म्हणाले. संध्याला लावला. ती एका दमात म्हणाली, "झोपू देऊ नका, हाका मारा, चिमटे काढा. मान मागे करून नाक दाबा, तोंडाला तोंड लावून फुंका, पाच मोजून एक. जवळची गाडी असेल तर थांबू नका. आणि दवाखान्यात शिरताच काय गेलंय ते ओरडून सांगा." शेजारच्या गुणाजीची रिक्षा दारातच होती, बुबूपाशी त्याची बायको थांबली. पुलावरून रिक्षा गेली तेव्हा मी फुंकत होते आणि मोजत होते. एक, दोन, तीन, चार, पाच, फुंक. माझ्या पोरीच्या छातीत माझाच श्वास वर-खाली होत होता.

दारातूनच ओरडले. त्यांनी उताऱ्याचं इंजेक्शन दिलं. दोन-तीन मिनिटांनी सहरने डोळे उघडले, उलटी केली आणि म्हणाली, "अम्मी, हात सोड, दुखतोय."

डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन उतरलं की पुन्हा गुंगी येऊ शकते, म्हणून एक दिवस इथेच नजरेखाली. आणखी पाच-सात मिनिटं उशीर झाला असता तर, असं म्हणून ते दुसऱ्या खाटेकडे वळले. दोन भाकऱ्यांना किती मिनिटं लागतात, ते मला माहीत आहे.

७ फेब्रुवारी

सहरला घरी आणलं. हे पेणहून आले होते. इतक्या वर्षांत मी ह्यांना बहिणीवर आवाज चढवताना पाहिलं नव्हतं. आज चढवला. मीच म्हटलं, "बाटली मी तिच्या डब्यात टाकली होती. कुलूप मी उघडलं."

हे माझ्याकडे वळले. "आणि तू घरातच होतीस. बुबूने हाक मारली नाही? तुला ऐकू आली नाही?"

मी तोंड उघडलं. माझ्या आधी बुबू बोलली. "माझा आवाजच निघत नव्हता रे. घसा बसला व्हता. ती बिचारी कशी ऐकणार? मी पडले, तवा ती धावत आली."

धावत आली म्हणे. मला तिच्या तोंडावर सांगायचं होतं की मला तुझे उपकार नकोत, खोटं बोलू नकोस माझ्यासाठी. पण गप्प राहिले आणि वाचले. तिने मला वाचवलं ह्याचाच मला राग आला आहे.

१० फेब्रुवारी

संध्या आली. बाटली पुन्हा कपाटात, किल्ली गळ्यात. बुबूला तिने स्वतः समजावलं आणि माझ्यासमोर बुबूकडून परत म्हणवून घेतलं. डबा मी माळ्यावर टाकला. बुबू बघत होती.

मी वही संध्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "हे आकडे खोटे आहेत. ती नऊ म्हणायची, मी पाच लिहायची. पहिल्या दिवसापासून."

मला वाटलं ती ओरडेल. मला ओरडून घ्यायचं होतं. भिकूच्या मुलीने ओरडावं आणि मी ऐकावं, इथपर्यंत माझी तयारी झाली होती. ती फक्त पानं उलटत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे महिनाभर त्या अर्ध्या डोसवर काढतायत." पेन माझ्याकडे सरकवलं. "आजपासून खरे लिवा."

डॉक्टरांशी फोनवर बोलून तिने सकाळ-संध्याकाळची गोळी वाढवली. बुबू दुपारी दोन तास सलग झोपली. आल्यापासून पहिल्यांदा. मी दोनदा जाऊन श्वास मोजले, गोळी नवीन आहे म्हणून.

१३ फेब्रुवारी

गोळी वाढली तरी सकाळची कळ येतेच, कूस बदलताना. आज मी अंथरूण बदलत होते तेव्हा आली. तिने चादर मुठीत धरली, पण हाक मारली नाही. सहरच्या त्या दिवसापासून ती मागतच नाही. स्प्रे नको म्हणते. बाटली बघितली की डोळे मिटून घेते.

मी खाटेवर बसले. दारात उभं राहून विचारायची सवय होती, आज बसले.

"बुबू, किती?"

तिने मुठीतली चादर सोडली. मग वेगळंच बोलली.

"तुझ्या पोराच्या येळेला मला वाटलं व्हतं तू नाटकं करतेस. खरंच तसं वाटलं व्हतं गो, रिझवाना."

अठ्ठावीस वर्षं मी ह्या वाक्याची वाट बघत होते. त्यावर काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. सगळ्यात आधी हे, की वाटलं कसं, माझा आवाज ऐकूनही तुला तसं वाटलं कसं? ते तोंडापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं. कारण मलाही त्या दिवशी खरंच तसंच वाटलं होतं. भाकरी थापताना माझ्या मनात दुसरा विचार आला नव्हता.

मी तिला माफ केलेलं नाही. करीन असंही वाटत नाही. हे इथे लिहून ठेवते, म्हणजे पुढे कुणी आमच्या दोघींबद्दल गोड गोष्टी सांगायला नकोत.

कपाट उघडलं. तिला उशीला टेकवून बसवलं. कपाळ घामाने भिजलेलं, खालचा ओठ दातांनी फुटलेला.

"किती ते सांग."

"तीन," बुबू म्हणाली. "तीनच हाय. राहू दे."

मी वहीत नऊ लिहिलं आणि बाटलीचं टोपण काढलं.